लोगोत लोकांना भलतंच दिसतंय, आता काय करू?

पत्र: आम्ही दोघी भागीदार घरगुती पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकतो. तीन महिन्यांपूर्वी नवा लोगो करून घेतला. मध्ये पाण्याचा उभा स्तंभ, त्याच्या टोकावर एक थेंब आणि खाली दोन्ही बाजूंना एकेक गोलसर पान. आम्हाला तो शांत आणि स्वच्छ वाटला. खोकी छापली, शर्टांवर भरतकाम करून घेतलं, अ‍ॅपवरही तोच लावला. आता लोक बघून हसतात. घरोघरी जाणाऱ्या आमच्या एका मुलीने तो शर्ट घालायला नकार दिला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. डिझायनर म्हणतो, दोष बघणाऱ्याच्या नजरेत आहे. भागीदार म्हणते, फुकट प्रसिद्धी मिळतेय, उलट जाहिरातीतही थोडा चावटपणा आणू या. लोगो बदलायचा का? बदलायचा तर नेमकं काय बदलायचं? आणि एवढ्या जणांनी पाहूनही हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही?

उत्तर:

बदला. पण लोगोच्या आधी शर्ट. त्या मुलीने नकार दिला हे बरोबर केलं. ज्या मुली काही न बोलता तो घालताहेत त्यांनाही आजच सांगा की उद्यापासून साधा शर्ट चालेल. खोक्याकडे बघून कुणी हसलं तर खोक्याचं काही बिघडत नाही. शर्टावरचं चित्र मात्र माणसाच्या छातीवर असतं आणि हसू त्या माणसाला झेलावं लागतं, तेही अनोळखी घराच्या दारात एकटीने उभं राहून. हा तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो नवा लोगो तयार होईपर्यंत ताटकळत ठेवता येणार नाही.

आता डिझायनरचं म्हणणं. अपुऱ्या खुणांवरून ओळखीचा आकार पुरा करणं हे मेंदूचं अखंड चालणारं काम आहे. ढगात चेहरा आणि भिंतीवरच्या ओलीत माणूस दिसतो तो याच सवयीमुळे. तिला पॅरायडोलिया म्हणतात. चेहरा समोर आला की साधारण १७० मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युत नोंदीत त्याची खूण उमटते, म्हणजे माणसाने काही ठरवण्याच्या कितीतरी आधी. माणसाचं शरीर आणि त्याचे अवयवही आपण असेच झटकन ओळखतो. तेव्हा तुमच्या लोगोत ज्यांना भलतं दिसलं त्यांची मनं घाणेरडी आहेत असं समजू नका. आणि एकदा दिसलं की ते पुसता येत नाही. काळ्या डागांत लपलेल्या डाल्मेशियन कुत्र्याचं प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिलं असेल. कुत्रा सापडेपर्यंत मिनिटं जातात, पण सापडल्यावर ते पुन्हा नुसते डाग म्हणून बघणं जमत नाही. म्हणूनच ‘लोक विसरतील, थांबू या’ हा सल्ला अशा वेळी कामाचा नसतो. ज्याला दिसलं तो शेजारच्याला दाखवतो आणि बघणारे वाढतच जातात.

तुम्हाला का दिसलं नाही? कारण तुम्ही ‘स्तंभ, थेंब, पान’ ही नावं आधी ऐकलीत आणि चित्र नंतर पाहिलंत. डिझायनरने तर ते कागदावरच्या पहिल्या रेघेपासून पाहिलेलं, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना सुटे भाग दिसतात, अख्खा आकार दिसत नाही. सादरीकरणात लोगो मोठ्या पडद्यावर, पूर्ण रंगात, मोकळ्या जागेत एकटा असतो, आणि त्या अवस्थेत तो ग्राहकाला क्वचितच भेटतो. राहिली कचेरीतली बाकीची मंडळी. त्यांतल्या एखाद्याला ते दिसलंही असेल. पण मालकिणीसमोर, चार लोकांत, ‘मला यात तसलं काही दिसतंय’ हे म्हणणार कोण? म्हणणाऱ्याचंच मन उघडं पडतं. तपासणीची पद्धतच अशी हवी की हे वाक्य कुणाला तोंडाने म्हणावं लागू नये. त्याकडे पुढे येतो.

आधी दुरुस्ती. तुमच्या लोगोत तीन खुणा एकत्र आल्या आहेत: समान जाडीचा उभा दंड, त्याच्या बुडाशी दोन सारखे गोल आणि टोकाशी थेंब. यांतली एकटी खूण निरुपद्रवी असते. दोन एकत्र आल्या तरी बहुतेक वेळा निभावतं. तिसरी आली की आकार पुरा होतो. म्हणून सगळा लोगो फेकण्याची गरज नाही, पण किमान दोन खुणा मोडा. एक मोडून भागेल असं वाटेल, मात्र ज्यांनी जुना लोगो पाहिला आहे त्यांना उरलेल्या दोन खुणाही पुरतात.

सर्वांत आधी सममिती मोडा. दोन पानांऐवजी एकच ठेवा आणि ते बुडाशी न ठेवता स्तंभाच्या मध्यावर, एका बाजूला आणा. पानाला टोक द्या, मधली शीर दाखवा. गोलसर पान हे लांबून पान राहतच नाही, ते नुसतं वर्तुळ होतं. मग स्तंभ. त्याचं वरचं टोक अर्धगोल असेल तर सपाट कापा, किंवा स्तंभच वाहत्या लाटेसारखा वळवा आणि खाली रुंद होऊ द्या. थेंब टोकावरून काढून आकाराच्या आत घ्या, म्हणजे पाण्याच्या निळ्या भागात पांढरा थेंब. रंगात गुलाबी, पीच किंवा तपकिरीकडे झुकणारी छटा असेल तर ती काढून टाका, कारण त्वचेच्या जवळचा रंग संशयाला पुष्टी देतो. एक उपाय मात्र करू नका: आहे तोच आकार २०-३० अंशांनी तिरका करणं. डिझायनर बहुधा हाच आधी सुचवेल, कारण त्यात काम कमी आहे. तिरकं केल्याने तीनपैकी एकही खूण मोडत नाही, आणि वरच्या दिशेने झुकलेला दंड आधीपेक्षा वाईट दिसतो.

छोट्या बदलाने काम भागतं याचं ठळक उदाहरण मिंत्रा. या कंपनीचा ‘एम’ दोन गुंफलेल्या वळशांचा होता. तो स्त्रियांच्या दृष्टीने अपमानास्पद दिसतो अशी तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेली, आणि जानेवारी २०२१मध्ये कंपनीने संकेतस्थळ, अ‍ॅप आणि पॅकिंगवरचा लोगो बदलायचं मान्य केलं. आकार जवळपास तोच राहिला, फेरफार झाला तो मुख्यतः वळसे एकमेकांवर येतात तिथल्या रंगांत. उलट बाजूही सांगायला हवी. राहण्यासाठी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने २०१४ साली नवं चिन्ह आणलं तेव्हा त्यात लोकांना नाना अवयव दिसले, भरपूर चेष्टा झाली, कंपनी मागे हटली नाही आणि ते चिन्ह टिकलं. मग तुम्ही का टिकू नये? त्या चिन्हात प्रत्येकाला वेगळं काही दिसत होतं. तुमच्याकडे सगळ्यांना एकच दिसतंय. शिवाय एवढ्या मोठ्या कंपनीकडे ते चिन्ह रोज कोट्यवधी वेळा दाखवून त्याला स्वतःचा अर्थ देण्याची ताकद असते. तुमचा ग्राहक लोगो वर्षातून दोनदा बघणार, आणि दोन्ही वेळा त्याला तेच आठवणार.

आता तपासणी. नव्या आराखड्याला ती लावाच, आणि पुढे प्रत्येक पोस्टरला, खोक्याला, जाहिरातीलाही लावा. वेळ जास्तीत जास्त दोन दिवस जातो.

पहिलं काम संगणकावर. सगळे रंग आणि अक्षरं काढून आकार पूर्ण काळा भरा. मग तोच उलटा करा, पार्श्वभूमी काळी आणि आकार पांढरा. यातून मधली रिकामी जागा पुढे येते. मानसशास्त्रज्ञ रूबिनच्या प्रसिद्ध चित्रात फुलदाणीच्या दोन्ही बाजूंना चेहरे दिसतात, तसा दोन आकृत्यांच्या मधला पोकळ भागही स्वतःचा आकार घेऊन बसलेला असतो आणि डिझायनरने तो कधी काढलेलाच नसतो. त्यानंतर चित्र त्याच्या रुंदीच्या दोन-तीन टक्के इतकं धूसर करा. मग ४८, ३२ आणि १६ पिक्सेलपर्यंत लहान करून बघा. पानाची शीर, थेंबाची चमक, बारीक रेघा सगळं तिथे गळून पडतं आणि उरतो तो सांगाडा. ग्राहकाच्या फोनवर तोच असतो.

मग फिरवा: ९०, १८०, २७० अंश आणि आरशातली प्रतिमा. ही पायरी लोक हमखास गाळतात. ब्रिटनच्या ‘ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट कॉमर्स’ या सरकारी कार्यालयाने २००८ साली १४,००० पौंड खर्चून आद्याक्षरांचा लोगो करून घेतला. सरळ ठेवला तर त्यात काहीच वावगं नव्हतं. ९० अंशांत फिरवला की तीच तीन अक्षरं हस्तमैथुन करणाऱ्या माणसासारखी दिसत. तोवर तो पेनांवर आणि माऊसपॅडवर चढलेला होता. पेन तर हातात कोणत्याही कोनात असतं.

छपाईची चाचणी वेगळी. नालीदार खोक्यावर शाई पसरते आणि अगदी अरुंद फटी बुजतात. पान आणि स्तंभ यांच्यात केसाएवढी फट ठेवली असेल तर छापल्यावर ते एकमेकांना चिकटतील. भरतकामात एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धड उतरत नाही. तुमच्या शर्टांवर पानांचे बारीक तपशील गळून नुसते गोल उरले असतील, म्हणूनच तिथे ते सर्वांत ठळक दिसत असणार. म्हणून मंजुरी देताना पडद्यावरचं प्रूफ पाहून समाधान मानू नका. एक खोकं खरं छापून घ्या, एका तुकड्यावर खरं भरतकाम करून घ्या.

मग जागा. खोक्याची घडी कुठे पडते, उचलायचं भोक कुठे आहे, यंत्राची तोटी लोगोच्या किती जवळ येते, हे बघा. चांगल्या आकाराच्या बुडाशी तोटी आली की तोच विनोद पुन्हा उभा राहतो. खोकी शेजारी शेजारी रचल्यावर दोन लोगो मिळून तिसरा आकार तयार होतो का, तेही रचून बघा. गाडीवर चिकटवणार असाल तर सरकतं दार उघडल्यावर कोणती अक्षरं झाकली जातात आणि काय उरतं ते वाचा. अ‍ॅपचं चिन्ह वर्तुळात कापलं जातं, आडवा फोटो उभ्या चौकटीत गेला की डोकं जाऊन धड उरतं, व्हिडिओच्या मुखचित्रावर मधोमध बाणाचं बटण येतं. हे सगळं कापून, बटण चिकटवून आधीच बघता येतं.

फोटोंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुम्ही पोस्टरही करणारच. नकळत झालेला द्व्यर्थ बहुतेक वेळा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे खोली हरवणं. लांब पल्ल्याची लेन्स मागची आणि पुढची वस्तू एकाच पातळीवर आणते, आणि मागचा नळ, खांब किंवा पाइप पुढच्या माणसाच्या कमरेतून निघाल्यासारखा दिसतो. यावर उपाय फोटो काढतानाच करावा लागतो. कॅमेरा एक पाऊल बाजूला घेतला की वस्तू सुटी होते, नंतर संगणकावर ती सोडवणं कटकटीचं असतं. दुसरं कारण हात. दंडगोल वस्तू कमरेच्या उंचीवर, दोन्ही मुठींनी धरलेली, टोकाशी फेस किंवा धार, आणि मॉडेल तोंड उघडून तिच्याकडे बघतेय. यातला एकेक भाग दिग्दर्शकाला ‘ताजेपणा’ म्हणून हवा असतो, एकत्र आले की घोटाळा होतो. वस्तू छातीच्या उंचीवर आणा, मूठ सोडून तळहातावर ठेवा, ४५ अंशांनी वळवा, नजर वस्तूऐवजी कॅमेऱ्याकडे किंवा दुसऱ्या माणसाकडे ठेवा. हलत्या जाहिरातीत वर-खाली होणारी एकसारखी हालचाल टाळा आणि फुकटच्या मुखचित्रावर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी ते आपोआप निवडलं जातं, तेव्हा स्वतः निवडून चढवा.

शब्दांचीही तपासणी करा, नावासकट. संकेतस्थळाच्या पत्त्यात मधली जागा जाते. ‘एक्सपर्ट्स एक्स्चेंज’ या तंत्रज्ञांच्या संकेतस्थळाचा पत्ता रोमन लिपीत सलग लिहिला की ‘एक्सपर्ट सेक्स चेंज’ असाही वाचता येई. शेवटी त्यांनी मध्ये जोडरेघ घातली. देवनागरीत धोके वेगळे आहेत. लहान टंकात अनुस्वार उडतो, ‘ख’ आणि ‘रव’ यांत गल्लत होते, आणि शब्द ओळीच्या शेवटी भलत्या जागी तुटला की उरलेला अर्धा शब्द वेगळाच अर्थ देतो. दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात माल जाणार असेल तर तिथली बोली बोलणाऱ्या दोघा-तिघांना नाव ऐकवा. शब्दकोश पुरत नाही, शिव्या आणि चावट अर्थ बोलीत असतात. मित्सुबिशीची ‘पाजेरो’ ही गाडी स्पॅनिश बोलणाऱ्या बाजारांत ‘मोंतेरो’ नावाने विकली गेली, कारण मूळ नाव तिथे हस्तमैथुन करणाऱ्यासाठीची शिवी आहे.

शेवटची तपासणी माणसांवर. कामाशी संबंध नसलेले दहा-बारा प्रौढ घ्या, बायका आणि पुरुष सारखे, त्यांत विशीतले निदान चार. प्रत्येकाला एकट्याला भेटा. गटात पहिला बोलेल तेच बाकीच्यांना दिसतं. चित्र पाच सेकंद दाखवा, झाका आणि एवढंच विचारा: ‘काय दिसलं?’ हे पाण्याच्या यंत्रांचं आहे हे आधी सांगू नका. उत्तराइतकंच उत्तराआधीचं हसू किंवा थबकणं टिपून ठेवा. मग दुसरी फेरी: कोरी चिठ्ठी द्या, वर छापलेलं असू द्या, ‘या चित्राची कुणी चेष्टा करायची ठरवली तर काय म्हणेल?’ नाव न लिहिता डब्यात टाकायला सांगा. असं विचारलं की चेष्टा तिसऱ्याच कुणाची तरी ठरते, लिहिणाऱ्याला लाज वाटत नाही. आमचा ठोकताळा असा: पहिल्या फेरीत दोघांनी आपणहून तीच गोष्ट सांगितली, किंवा चिठ्ठ्यांत चौघांनी एकच लिहिली, तर आराखडा परत जातो. चिठ्ठ्यांत वेगवेगळ्या बारा चेष्टा आल्या तर काळजी नको, तेवढं कशातही दिसतं. बदललेला आराखडा मात्र नव्या माणसांना दाखवा. आधीच्यांच्या डोळ्यांत जुना बसलेला असतो.

भागीदाराच्या म्हणण्याला सरळ उत्तर देते, कारण ते बऱ्याच लोकांचं म्हणणं असतं. लैंगिक सूचनेने माल खपतो या समजाच्या मुळाशी काही दंतकथा आहेत. १९५७ साली जेम्स व्हायकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने दावा केला की चित्रपटाच्या पडद्यावर क्षणार्धात छुपे संदेश झळकवून त्याने खाद्यपेयांची विक्री वाढवली. १९६२मध्ये त्यानेच तो प्रयोग फसवा असल्याची कबुली दिली, तरी गोष्ट आजही फिरते. १९७३ साली विल्सन ब्रायन की या लेखकाने मद्याच्या जाहिरातीतल्या बर्फाच्या खड्यांत ‘सेक्स’ ही अक्षरं शोधून दाखवली. ती पॅरायडोलियाच होती असं मला वाटतं. याउलट २०१७ साली जॉन विर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ७८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. लैंगिक आवाहन असलेली जाहिरात लोकांच्या जास्त लक्षात राहते, पण तिच्यातला ब्रँड जास्त लक्षात राहत नाही, ब्रँडबद्दलचं मत किंचित खालावतं आणि खरेदीच्या इराद्यावर काही परिणाम होत नाही, असं त्यात आढळलं. बायकांना अशा जाहिराती सरासरीने नापसंत होत्या.

म्हणून मुद्दाम द्व्यर्थ करायचाच नाही असं मी म्हणत नाही. निरोध, अंतर्वस्त्रं अशा मालात विषयच तो असतो, तिथे सूचक भाषा उघड वर्णनापेक्षा सभ्य ठरते. पण चांगल्या द्व्यर्थात साधा अर्थ स्वतःच्या पायांवर उभा असतो. ज्याला दुसरा अर्थ कळला नाही त्यालाही पहिल्या अर्थातून मालाबद्दल काहीतरी खरं कळतं. भागीदाराने सुचवलेली ओळ घ्या, चावट अर्थ पुसा आणि उरलेलं वाचा. पाणी, गाळणी, चव, खर्च यांपैकी काहीच उरलं नाही तर ती ओळ यंत्रं विकत नाही. दुसरी परीक्षा त्याहून महत्त्वाची: ती ओळ तुमच्या त्या मुलीने दारात उभं राहून अनोळखी पुरुषासमोर म्हणायची आहे. जाहिरात तुम्ही छापता, पण तिच्यावरचं प्रत्युत्तर तिला ऐकावं लागतं. भागीदाराला ती ओळ आधी स्वतः चार अनोळखी दारांत म्हणू द्या.

आणि ‘आम्ही ते मुद्दामच केलं होतं’ असं आता म्हणू नका. अपघात माफ होतो, तेच हेतू म्हणून मिरवलं तर नकार देणाऱ्या मुलीला तुम्ही जाणूनबुजून त्या जागी उभं केलंत असा त्याचा अर्थ होईल.

बदल करताना क्रम असा ठेवा. ज्याला खर्च नाही ते त्याच दिवशी: अ‍ॅपचं चिन्ह, संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरचा फोटो, ईमेलखालची सही. नवा लोगो तयार नसेल तर तोवर फक्त नाव साध्या अक्षरांत लावा. छापखान्याला फोन करून पुढची छपाई थांबवा. छापलेली खोकी फेकू नका, लोगोवर नाव छापलेला अपारदर्शक स्टिकर लावा. साधा पांढरा कागदी स्टिकर पातळ असतो आणि खालचा आकार त्यातून दिसतो, मग लोक तो मुद्दाम सोलून बघतात. शर्टांवरचं भरतकाम उसवू नका, टाक्यांची भोकं आणि फिकट न झालेलं कापड तोच आकार दाखवत राहतात. वर कापडी पट्टी शिवा किंवा शर्ट बदला.

जाहीर निवेदन लांबवू नका. ‘आमचा लोगो काहींना खटकला, आम्ही तो बदलत आहोत’ एवढं पुरे. जुना लोगो त्या निवेदनात दाखवू नका, नव्याशी शेजारी ठेवून तुलना तर नकोच, कारण ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांनाही तो तुम्हीच दाखवाल. चेष्टा करणाऱ्यांशी वाद घालू नका आणि पानांचा अर्थ समजावत बसू नका.

आणि जुन्या फाइल शोधून काढा. डिझायनर, खोकीवाला, फ्लेक्सवाला, भरतकामवाला, प्रत्येकाच्या संगणकावर एक प्रत आहे. सहा महिन्यांनी घाईच्या ऑर्डरीत नेमकी तीच छापली जाते. नव्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि प्रत्येकाकडून जुनी काढून टाकल्याचं लेखी घ्या. भरतकामवाल्याकडे ती टाक्यांच्या वेगळ्या फाइलमध्ये असते, तीही काढायला सांगा.